चौथा बिछाना

तो लॅपटॉप जरा मिटा आणि खुर्च्या इकडे हीटरजवळ ओढा. नकुल, वरचा दिवा बंद कर, कोपऱ्यातला राहू दे. म्हाताऱ्याचे डोळे दुखतात.

तासभर ऐकतोय तुमचं. साउथ ऑफ फ्रान्सला जायचं, खेड्यात राहायचं, पण कुठे ते काही ठरत नाही. मालविकाला स्विमिंग पूल हवा. क्षितिजला तंबू ठोकून पैसे वाचवायचेत. आणि आमच्या नातवाला डोंगरात जाऊन वायफाय हवंय. असू दे. त्यात मला बोलायचं नाही, मी आपला चहा पीत गप्प बसलो होतो. पण मघाशी माणसं किती ते भरायची वेळ आली, तेव्हा तू काय म्हणालास, नकुल? 'आम्ही तीन लोक आहे, पण चार टाक, भाडा सेम आहे. कोणीतरी येईल.'

'आहोत' रे, 'आहोत'. आणि भाडं. पण ते मराठी राहू दे बाजूला, आधी ते चार काढ आणि तीन कर. काढ म्हणतो ना. मग सांगतो का ते.

केलं? हां.

आपल्याच रस्त्यावर, त्या बंद पडलेल्या पबच्या बाजूला परीक्षित आणि निवेदिता राहायचे. तुम्ही पाहिलं नसेल त्यांना. दोघं नागपूरचे, आयटीतले, व्हिसावर इथे ईलिंगला आलेले. मला पद्माकरकाका म्हणायचे, संकष्टीला साबुदाण्याच्या खिचडीचा डबा पाठवायचे. एकच मुलगी, सिया, तेव्हा सात वर्षांची. त्या हिवाळ्यात पोरीला न्यूमोनिया झाला. साधासुधा नाही, ऑक्सिजनवर होती. घरी आली तेव्हा अंगावर मांस म्हणून उरलं नव्हतं. त्यानंतर परीक्षितला एक सवयच लागली. रात्री उठायचा, तिच्या खोलीत जायचा आणि तिच्या छातीवर हात ठेवून श्वास चालतोय ना ते बघायचा. निवेदितालासुद्धा माहीत नव्हतं. मला एकदा पार्कात बोलता बोलता सांगितलं त्याने आणि वर म्हणाला, काका, कोणाला बोलू नका, हसतील. दोघांचा जीव त्या एका पोरीत अडकलेला होता. एवढं लक्षात ठेवा.

तर डॉक्टरांनी सांगितलं, हिला ऊन आणि मोकळी हवा द्या. म्हणून मेच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत दक्षिण फ्रान्स. आणि मग रोज संध्याकाळी हेच, तुमचं चाललंय तेच. डॉर्डोन्यला नको, तिथे सगळे इंग्रजच, मग इथे काय वाईट आहे. प्रोव्हान्स परवडत नाही. हॉटेलात निवेदिताला कुकर लावता येणार नाही. शेवटी नीम शहराच्या वर, सेव्हेनच्या डोंगरात एक दगडी घर सापडलं. चारी बाजूंनी चेस्टनटचं रान, खाली ओढा, बेकरी गाडीने दहा मिनिटांवर. अशा भाड्याच्या घराला तिकडे झीत म्हणतात. मालकीण मादाम विदाल, विधवा बाई, शेजारच्याच घरात राहायची. इंग्रजी मोडकंतोडकं, परीक्षितला 'मस्य' म्हणायची, म्हणजे साहेब, पण माणूस चांगलं.

तिचा फोन आला त्या संध्याकाळी मी तिथेच होतो, पोहे खात बसलो होतो. टेबलावर दुसऱ्या फोनवर परीक्षितची आई, अरुणाताई, नागपूरहून व्हिडिओवर होत्या. मादामने विचारलं, किती बिछाने घालायचे. त्या झीतमध्ये चादरी माणशी भाड्याने देतात, म्हणून आधी सांगावं लागतं. परीक्षित म्हणाला, तीन. झालं, तिकडून अरुणाताई सुरू.

"तिघं नका जाऊ रे बाप्पा. तीन तिगाडा काम बिगाडा. सोबत एक सुपारी घ्या, चौथी म्हणून."

आता तुम्ही इथे जन्मलेली पोरं, तुम्हाला हे कोणी सांगितलं नसेल. आपल्यात तिघं मिळून कधी कामाला निघत नाहीत. निघावंच लागलं तर सोबत एक सुपारी नाहीतर खडा घेतात आणि म्हणतात, हा आमचा चौथा. माझी आई पर्समध्ये सुपारी ठेवून निघायची. खरं-खोटं देव जाणे. पण ती सुपारी कशासाठी, हे मला त्या वर्षीपर्यंत कळलं नव्हतं. मला वाटायचं, आकडा बदलण्यासाठी. तसं नाही. चौथी जागा रिकामी राहू नये म्हणून ती असते.

परीक्षितला आलं हसू. तो मादामला म्हणाला, "सॉरी, चार. फोर बेड्स." आणि आईला म्हणाला, "घे, झालो चौघं. सुपारीची काय गरज?"

"काहून हसून राहिला रे? चौथं कोण?"

"येईल कोणीतरी."

"असं बोलू नये. वास्तू तथास्तु म्हणत असते."

"अगं आई, ती वास्तू फ्रान्समध्ये आहे, तिला मराठी कुठे येतं?"

मीही हसलो, खोटं कशाला बोलू. तेवढ्यात मादामने विचारलं, चौथा बिछाना कुठे घालू? परीक्षितने घराचे फोटो चाळले. पोरीसाठी ठरवलेल्या माडीवरच्या खोलीत दोन पलंग होते, दोन भिंतींना दोन. तो म्हणाला, "घाला मुलीच्या खोलीत." फोन ठेवला. निवेदिताने मला आणखी पोहे वाढले आणि तो विषय तिथेच संपला. सुपारी काही कोणी घेतली नाही.

आता निघायच्या आदल्या रात्रीचं सांगतो. दोन वर्षांपूर्वीचा मे, चोवीस तारीख, शुक्रवार. वैशाखी पौर्णिमा आदल्या दिवशी होऊन गेलेली. शनिवारी पहाटे त्यांचं ल्यूटनहून विमान. मी आपला चावी आणायला गेलो. ते नसताना त्यांच्या टोमॅटोच्या रोपांना पाणी घालायचं काम माझ्याकडे होतं. नऊ वाजून गेले होते, पण मे महिन्यात तेव्हाही आभाळात थोडा उजेड असतो. हॉलमध्ये बॅगा भरून उभ्या. सिया वर झोपलेली. निवेदिता प्रवासासाठी तिखटमिठाच्या पुऱ्या तळत होती. परीक्षितने मला चावी दिली, आणि पाणी कोणत्या झारीने घालायचं तेही सांगितलं, जसं काही मी झारी बघितलीच नाही कधी.

तेवढ्यात त्याच्या फोनवर मेसेज आला. मादाम विदालचा. त्याने मोठ्याने वाचला.

"तुमच्या बाई पोचल्या. खालच्या रस्त्याने पायी आल्या. त्यांना घर उघडून दिलंय. तुम्ही सावकाश या."

परीक्षित हसला. "बघा काका, हिने दुसऱ्याच कोणाला आमच्या घरात घुसवलं." त्याने तिथल्या तिथे फोन लावला, स्पीकरवर टाकला. मी हे सगळं माझ्या कानांनी ऐकलंय.

"मादाम, आम्ही उद्या येतोय. आमचं कोणी आलेलं नाही. काहीतरी चूक होतेय."

"नाही, मस्य. चूक नाही. त्या म्हणाल्या, मी चौथी."

परीक्षितचं हसू तिथेच थांबलं.

"कशा दिसतात त्या?"

"वय झालंय. थकलेल्या आहेत. बाकी..." मादाम जरा थांबली. "गंमत आहे. आत्ताच बोलले त्यांच्याशी. पण चेहरा सांगायला गेले तर सांगता येत नाही."

"सामान?"

"काही नाही."

"नाव काय त्यांचं?"

"नाव विचारायचं राहिलं. मुलीचं नाव सांगितलं त्यांनी. सिया ना?"

परीक्षितने निवेदिताकडे बघितलं. तिने नाही म्हणून मान हलवली. बुकिंगला 'एक मुलगी' एवढंच कळवलं होतं. तो हळूच मला म्हणाला, "कुठेतरी आलं असेल नाव माझ्या बोलण्यात. बोलाफुलाला गाठ पडते, काका." मीही मान डोलावली. दुसरं काय करणार?

मादाम पुढे बोलतच होती. "आणि हो, त्यांनी जाड पांघरूण मागून घेतलं. म्हणाल्या, पोरीची छाती नाजूक आहे. रात्री उठून छातीवर हात ठेवून बघावं लागतं."

कढईतल्या तेलातून धूर यायला लागला होता. निवेदिताने गॅस बंद केला. परीक्षित माझ्याकडे बघत राहिला. मी कोणाला बोललो नव्हतो, हे त्याला माहीत होतं आणि मलाही माहीत होतं.

निवेदिता जवळ आली. फोनशी वाकून म्हणाली, "मादाम, प्लीज, त्यांचा एक फोटो पाठवाल?"

"पाठवते की. वरच आहेत."

मादाम जिना चढताना ऐकू येत होती. लाकडी जिना असावा. दारावर टकटक. ती काहीतरी फ्रेंचमध्ये म्हणाली. उत्तर ऐकू आलं नाही. मग फोन वाजला आणि फोटो आला.

माडीवरची तीच खोली. पण पलंग भिंतींना नव्हते. दोन्ही खोलीच्या मधे ओढून जोडून ठेवले होते. एकावरचं पांघरूण एका कोपऱ्यात दुमडलेलं. लहान मुलाला झोपवायच्या आधी आपण दुमडतो ना, तसं.

खोलीत कोणी नव्हतं.

"मादाम," परीक्षित म्हणाला, "त्या कुठे आहेत?"

"म्हणजे? पलंगावर बसल्या आहेत. फोटोत आल्या ना नीट?"

...

काय रे, क्षितिज? गार वाटतंय? पाय वर घेऊन बस.

परीक्षितने आईला फोन लावला. नागपुरात मध्यरात्र उलटून गेलेली. पण पहिल्या रिंगला उचलला हो त्यांनी. जाग्याच होत्या. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. परीक्षितने सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं.

"सुपारी घेतली होती?"

"नाही."

परीक्षितने माझ्याकडे बघितलं.

"आई, आत्ता घेतो. काकांच्या देव्हाऱ्यात असेल."

"आता घेऊन काय करशील?" त्यांचा आवाज पार खोल गेला होता. "तू बोलावलं, जागा धरून दिली, पोरीजवळ बिछाना घातला. भरली ती जागा. जाऊ नका. पैसे बुडले तर बुडू दे. पोरीला मधे घेऊन झोपा."

तो गणित शिकलेला मुलगा, असल्या गोष्टींवर हसणारा. पण त्याने वाद घातला नाही. सरळ मादामला फोन केला. म्हणाला, आम्ही येत नाही. मुलीची तब्येत बरी नाही.

"अरेरे," मादाम म्हणाली. "पण मग यांना काय सांगू?"

"सांगा..." त्याने वर जिन्याकडे बघितलं. "सांगा, मुलगी येणार नाही."

मादामने फोन खाली धरला असावा. तिचा आवाज लांबून आला. काहीतरी सांगत होती. मग थांबली.

मग काहीच नाही.



"ठीक आहे म्हणाल्या," मादाम परत बोलली. तिचाही आवाज आता उतरला होता. "निघाल्या. दार उघडंच टाकून गेल्या. एवढ्या रात्री, रानातून, पायी... मस्य, इथून त्या कुठे जाणार?"

परीक्षितने फोन बंद केला.

मी म्हणालो, थांबू का रे इथे, सोफ्यावर पडतो. तो म्हणाला, नको काका, चार दारं सोडून तर आहात, लागलं तर फोन करीन. मी त्यांची चावी टेबलावर ठेवली आणि घरी आलो. झोप कसली लागतेय. रेडिओ लावून पडलो. इथून पुढचं मला परीक्षितने सांगितलं. एकदाच सांगितलं. मी परत विचारलं नाही.

त्यांनी सियाला उचलून आपल्या पलंगावर आणलं. ती जागी झाली नाही. तिला मधे घेतलं. एका बाजूला निवेदिता, दुसऱ्या बाजूला तो. दिवा चालू ठेवला. दार आतून लावून त्याला खुर्ची टेकवली. निवेदिता रामरक्षा म्हणत होती. म्हणता म्हणता विसरत होती. पुन्हा पहिल्यापासून म्हणत होती.

रस्ता शांत झाला. एक शेवटची बस गेली. मग तीही नाही.

कधीतरी त्याचा डोळा लागला. जाग आली ती आवाजाने.

शेजारच्या खोलीतून. सियाच्या खोलीतून.

लाकडी जमिनीवर काहीतरी जड ओढल्याचा आवाज.

एकदाच. लांबलचक. मग थांबला.

त्याने निवेदिताकडे बघितलं. ती जागी होती. तिने त्याचं मनगट घट्ट धरलं. उठू नकोस, असं. दोघं श्वाससुद्धा जपून घेत होते.

दार बंद होतं. खुर्ची जागेवर होती.

दिवा चालू होता.

आणि सिया... झोपेतच... सरकली.

आईकडे सरकली. हळूच. बसमध्ये आपण शेजारच्याला जागा करून देतो ना, तशी. तिच्यात आणि परीक्षितमध्ये वीतभर जागा मोकळी झाली. मग आणखी थोडी.

तो त्या मोकळ्या चादरीकडे बघत होता.

गादी दबली.

त्याच्या डोळ्यांसमोर. हळूहळू. कोणी सावकाश टेकावं तशी. चादर आत गेली. त्याचा खांदा त्या खळग्याकडे कलला.

तिथे कोणी नव्हतं.

त्याला हलता येईना. हात उचलता येईना. कानाशी काहीतरी सळसळत होतं. बारीक. थांबून थांबून. किती वेळ, ते त्याला सांगता आलं नाही. निवेदिताने डोळे गच्च मिटले होते, ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.

सिया झोपेत हसली.

ते हसणं बघितलं आणि त्याच्या अंगात कुठून बळ आलं, देव जाणे. हिवाळाभर ज्या पोरीला त्याने रात्री जागून राखलं होतं, ती. त्याने मोकळा हात त्या खळग्यावरून पलीकडे टाकला आणि तिच्या छातीवर ठेवला. म्हणाला, त्या जागेवरून हात नेताना कोपरापर्यंत बर्फ झाला. पण काढला नाही. आणि तोंडाने बोलला. मोठ्याने.

"आम्ही तिघंच आहोत. मी, निवेदिता, सिया. तिघं. मी चुकून चार म्हणालो. माझी चूक. माझ्या पोरीला सोडा."

...

सळसळ थांबली.

गादी वर आली.

बाहेर कुठेतरी एक पक्षी बोलला. मग दुसरा. खिडकीला उजेड आला. सिया तशीच झोपलेली होती आणि त्याच्या हाताखाली तिची छाती व्यवस्थित वरखाली होत होती. तेव्हा तो रडला. निवेदिताही रडली.

सहा वाजता मला त्याचा फोन आला. "काका, सगळं ठीक आहे. या तुम्ही." मी चपला अडकवून धावत गेलो. दोघं पार गळून गेलेले, पण चेहऱ्यावर सुटल्यासारखं. मी चहा टाकला. परीक्षितने मला वर नेऊन सियाची खोली दाखवली. तिचा पलंग भिंतीपासून निघून खोलीच्या मधोमध आला होता. आम्ही दोघांनी तो परत भिंतीला लावला. तो म्हणाला, "काका, गेली ती. मी सांगितलं तिला, आम्ही तिघंच. ऐकलं तिने." मी म्हणालो, ऐकलं रे बाबा, सुटलात. आणि मला खरंच तसं वाटलं.

तेवढ्यात निवेदिताने हाक मारली. मोठ्याने नाही. पण तो आवाज ऐकून परीक्षित जिना उतरलाच नाही, उडी मारून गेला. 

सिया खाली येऊन दूध पीत बसली होती. टुणटुणीत. खोकला नाही, काही नाही. गालांवर रंग, महिन्यांनंतर. निवेदिता तिच्या खुर्चीमागे उभी होती आणि तिचे दोन्ही हात हवेतच राहिले होते.

पोरीची वेणी घातलेली होती.

रात्री निवेदिताने तिचे केस मोकळेच सोडले होते. ती शपथेवर सांगत होती, मी घातली नाही. परीक्षितला वेणी येत नाही. ती वेणी बघूनच कळत होतं, ही रोजच्या हातची नाही. गच्च, बारीक, एक केस इकडचा तिकडे नाही. कोणीतरी अगदी मन लावून, खूप वेळ बसून घातलेली.

मी चष्मा लावून जवळून बघितली. आपण घालतो ती वेणी तीन पेडांची असते, मालविका, तुला माहीतच आहे. हिला चार होते. तीन पेड सियाच्या काळ्याभोर केसांचे.

चौथा पांढरा होता.